कमानदार फायरप्लेस

कमानदार फायरप्लेस म्हणजे घराच्या भिंतीत बांधलेली, दर्शनी तोंडावर कमान असलेली आणि धुराड्याला जोडलेली शेकोटी होय. थंड हवामानाच्या प्रदेशांत, विशेषतः युरोप व उत्तर अमेरिकेत, खोली उबदार ठेवण्यासाठी ती बांधली जात असे. केंद्रीय तापनव्यवस्था, गॅस व वीज आल्यानंतर तिची गरज कमी झाली. तरी घराच्या बैठकीचा केंद्रबिंदू म्हणून तिचे महत्त्व अनेक देशांत टिकून आहे. कमान ही तिच्या तोंडाची शोभा असली, तरी मुळात ती बांधकामाची गरज होती. विस्तवाच्या तोंडावरील भिंतीचा व धुराड्याचा भार दोन्ही बाजूंना उतरवणे हे तिचे काम होते. म्हणून कमानदार फायरप्लेसची आखणी करताना सौंदर्य, भार आणि धूर या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

संज्ञा

मराठीत घरातील विस्तवासाठी चूल, शेगडी, आगटी, शेकोटी असे अनेक शब्द आहेत. त्यांपैकी चूल ही स्वयंपाकाची, शेगडी ही हलवता येणारी, तर शेकोटी ही बहुधा अंगणात किंवा शेतात उघड्यावर पेटवली जाणारी. खोलीच्या भिंतीत कायमची बांधलेली, केवळ ऊब घेण्याची शेकोटी महाराष्ट्राच्या हवामानात आवश्यक नव्हती. त्यामुळे तिच्यासाठी स्वतंत्र शब्द रूढ झाला नाही आणि ‘फायरप्लेस’ हाच शब्द वापरात आला. धूर बाहेर नेणाऱ्या नळीसाठी मात्र ‘धुराडे’ हा शब्द मराठीत पूर्वीपासून आहे.

‘कमान’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ धनुष्य असा आहे. नक्षीदार कमानीसाठी वापरला जाणारा ‘महिरप’ हा शब्द अरबीतील ‘मिहराब’ या शब्दावरून आला आहे. लॅटिन भाषेत घरातील चुलीला ‘फोकस’ म्हणत. केंद्रबिंदू या अर्थाने आज जगभर वापरला जाणारा शब्द तोच. घराचे केंद्र म्हणजे विस्तव, ही कल्पना त्या शब्दात जपली गेली आहे.

रचना

फायरप्लेसचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत.

* विस्तवाचा कोनाडा : येथे लाकूड किंवा दगडी कोळसा जळतो. त्याची पाठभिंत व बाजूच्या भिंती उच्चतापसह विटांच्या किंवा बिडाच्या असतात.
* कमान : कोनाड्याच्या तोंडावरील वक्र बांधकाम. पाचरीच्या आकाराचे दगड किंवा विटा जोडून ती तयार होते. माथ्यावरील मधल्या दगडाला चावीचा दगड म्हणतात.
* गळा व झडप : कोनाड्याच्या वर धुराडे जेथे सुरू होते तो अरुंद भाग व तो बंद करण्याची लोखंडी झडप.
* धुराडे : धूर व तप्त वायू छपराबाहेर नेणारी उभी नळी.
* ओटा : विस्तवाखाली व तोंडापुढे केलेली दगडी किंवा विटांची फरसबंदी. उडालेल्या ठिणग्या तिच्यावर पडाव्यात, हा तिचा हेतू.
* चौकट व फळी : तोंडाभोवतीची सजावटीची चौकट आणि तिच्यावरील आडवी फळी.

कमानीचे कार्य

दगड व वीट यांना दाब चांगला सोसतो, ताण सोसत नाही. तोंडावर सपाट आडवा दगड ठेवला, तर वरच्या भाराने तो किंचित वाकतो, त्याच्या खालच्या बाजूस ताण पडतो आणि तेथे तडा जाण्याचा संभव असतो. विस्तवाच्या उष्णतेने हा धोका वाढतो. कमानीत मात्र प्रत्येक पाचर शेजारच्या पाचरींमध्ये दाबली जाते. वरचा भार दाबाच्या रूपाने कमानीच्या वळणातून दोन्ही बाजूंच्या पायांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे लहान लहान विटांनीही रुंद गाळा झाकता येतो.

याची किंमत आडव्या रेट्याच्या रूपाने मोजावी लागते. कमान आपल्या दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूस ढकलत असते. कमान जितकी चपटी, तितका हा रेटा अधिक. ९० सेंमी गाळ्याची कमान ४५ सेंमी उंच, म्हणजे अर्धवर्तुळाकृती असेल, तर तिच्या तुलनेत १५ सेंमी उंचीच्या चपट्या कमानीचा रेटा ढोबळ हिशेबाने तिप्पट होतो. म्हणूनच चपट्या कमानीच्या दोन्ही बाजूंना भरीव भिंत असावी लागते. जुन्या घरांत फायरप्लेस खोलीच्या कोपऱ्याऐवजी भिंतीच्या मध्यभागी बांधण्यामागे सममितीबरोबर हेही एक सोयीचे कारण होते.

कमान बांधताना प्रथम तिच्या आकाराचा लाकडी साचा, म्हणजे कालबूत, उभा करतात. दोन्ही पायांकडून माथ्याकडे विटा रचत आणतात आणि शेवटी चावीचा दगड बसवतात. चुना किंवा सिमेंट पुरेसे घट्ट झाल्यावरच कालबूत काढतात. चावीचा दगड बसेपर्यंत कमान स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही.

इतिहास

मध्ययुगीन इंग्लंडमधील मोठ्या दालनांत विस्तव जमिनीच्या मध्यभागी पेटवला जाई व धूर छपरातील झरोक्यातून बाहेर जाई. केंट परगण्यातील पेन्सहर्स्ट प्लेस या वाड्याच्या चौदाव्या शतकातील दालनात असा मध्यवर्ती विस्तवाचा ओटा आजही पाहावयास मिळतो. विस्तव भिंतीत नेण्याची सुरुवात त्यापूर्वीच दगडी किल्ल्यांत झाली होती. अनेक मजल्यांच्या किल्ल्यात मजल्याच्या मध्यभागी विस्तव पेटवणे गैरसोयीचे होते आणि जाड भिंतीत कोनाडा व धूरमार्ग सहज काढता येत होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या कोलचेस्टर किल्ल्यात व बाराव्या शतकातील हेडिंगहॅम किल्ल्यात अशा कमानदार फायरप्लेस आहेत.

सोळाव्या शतकात विटांची धुराडी सामान्य घरांपर्यंत पोहोचली. विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात, नव्याने उभ्या राहिलेल्या असंख्य धुराड्यांविषयी गावातील वृद्धांना वाटणारे आश्चर्य नोंदवले आहे. धुराड्यामुळे घराची रचनाच बदलली. धूर छपराशी साठणे थांबल्याने दालनावर वरचा मजला घालता आला आणि निरनिराळ्या खोल्यांत स्वतंत्र विस्तव ठेवता आला. या काळातील चपटी, मध्यभागी किंचित टोकदार अशी ट्यूडर कमान पुढे इंग्लिश फायरप्लेसची ओळख बनली.

घरातील विस्तव हे संपन्नतेचे माप ठरल्याने त्यावर करही बसला. इंग्लंडमध्ये १६६२ ते १६८९ या काळात प्रत्येक विस्तवामागे वर्षाला २ शिलिंग ‘चूलकर’ घेतला जाई. मोजणीसाठी अधिकारी घरात शिरत असल्यामुळे तो लोकांना विशेष अप्रिय होता. त्या कराच्या याद्या आज इतिहाससंशोधकांना गावोगावच्या घरांचा अंदाज बांधण्यास उपयोगी पडतात.

लाकडाची टंचाई वाढल्यावर शहरांत दगडी कोळसा जाळला जाऊ लागला. कोळशाला लहान कोनाडा व उंचावरची लोखंडी जाळी लागते. जुन्या रुंद तोंडांत तो नीट जळत नसे व खोलीत धूर पसरे. अमेरिकेत जन्मलेले शास्त्रज्ञ बेंजामिन टॉमसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, यांनी १७९६ मध्ये या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. कोनाडा उथळ करावा, बाजूच्या भिंती तिरप्या ठेवाव्यात म्हणजे उष्णता खोलीकडे परावर्तित होईल, आणि धुराड्याचा गळा सुमारे ४ इंच, म्हणजे १० सेंमी, इतका अरुंद करावा, अशा त्यांच्या सूचना होत्या. जुन्या फायरप्लेस थोड्या खर्चात सुधारता येत असल्याने त्या लवकर लोकप्रिय झाल्या.

एकोणिसाव्या शतकात बिडाच्या ओतकामाने कमानीला नवे रूप दिले. अर्धवर्तुळाकृती तोंड, आत जाळी व वर झडप असा संपूर्ण संच कारखान्यात एकसंध ओतून तयार होऊ लागला. भोवती संगमरवराची किंवा पाटीच्या दगडाची चौकट बसवली की फायरप्लेस पूर्ण होई. शतकाच्या मध्याच्या सुमारास व्हिक्टोरियन घरांत हा नमुना सर्रास दिसतो. कमान येथे भार पेलत नव्हती. ती केवळ आकार म्हणून उरली होती. शतकाच्या अखेरीस चौकोनी तोंड व दोन्ही बाजूंना रंगीत फरशांच्या पट्ट्या असलेले नमुने अधिक पसंत केले जाऊ लागले.

धुराडे साफ करणारी मुले

फायरप्लेसच्या इतिहासाची एक बाजू वेदनादायक आहे. कोळशामुळे धुराडी अरुंद झाली, काही ठिकाणी ती वळणे घेत गेली आणि त्यांतील काजळी काढण्यासाठी लहान मुलांना आत चढवले जाऊ लागले. मुले गुदमरत, भाजत, कधी अडकून मरत. शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये या कामगारांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते. ब्रिटिश संसदेने १७८८ पासून अनेक कायदे केले. १८४० च्या कायद्याने २१ वर्षांखालील व्यक्तीस धुराड्यात चढवण्यास मनाई केली, परंतु अंमलबजावणी झाली नाही. १८७५ मध्ये एका मुलाचा धुराड्यात मृत्यू झाल्यानंतर झालेल्या कायद्याने पोलिसांचा परवाना सक्तीचा केला आणि ही प्रथा थांबली. लांब दांड्यांचे ब्रश त्यापूर्वी कित्येक दशके उपलब्ध होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

कमानीचे प्रकार

* अर्धवर्तुळाकृती कमान : उंची गाळ्याच्या निम्मी. रेटा कमी, परंतु जागा अधिक लागते. १२० सेंमी रुंद तोंडाला केवळ वळणासाठी ६० सेंमी उंची लागते.
* खंडवर्तुळाकृती कमान : वर्तुळाचा लहान भाग. ठेंगण्या खोलीत व विटांच्या कामात ही सर्वाधिक वापरली जाते. गाळा ९० सेंमी व उंची १५ सेंमी असल्यास तिची त्रिज्या ७५ सेंमी येते.
* ट्यूडर कमान : चार केंद्रांवरून काढलेली, चपटी व टोकदार. लाकडी तावदाने असलेल्या खोल्यांत शोभते.
* टोकदार कमान : गॉथिक वळणाची. एकोणिसाव्या शतकातील गॉथिक पुनरुज्जीवनाच्या काळात घरांतही आली.
* लंबवर्तुळाकृती कमान : वळण मृदू, उंची कमी. आखणी व विटांची कापणी काटेकोर असावी लागते.
* मातीची घुमटाकार कमान : अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये कोपऱ्यात बांधली जाणारी ‘किव्हा’ फायरप्लेस या प्रकारची असते. मातीच्या कच्च्या विटांनी बांधून ती वरून लिंपतात व आत लाकडे उभी रचून जाळतात.

घरातील आखणीच्या कल्पना

खोलीशी मेळ : खोलीत दारे-खिडक्या कमानदार असतील, तर फायरप्लेसची कमान त्यांच्याच प्रकारची ठेवल्यास एकसंधता येते. बाकी सर्व रेषा सरळ असतील, तर एकच कमान ठळकपणे उठून दिसते. अशा वेळी तिच्याभोवतीची सजावट साधी ठेवतात. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी १९०२ मधील हर्टली हाउसमध्ये आडव्या रेषांच्या दिवाणखान्यात विटांची रुंद कमान असलेली फायरप्लेस योजली आहे.

उघड्या विटा : विटांची कमान दोन प्रकारे बांधतात. एका प्रकारात विटा नेहमीच्या आकाराच्याच ठेवून त्यांमधील सांधे पाचरीसारखे भरतात. हे काम सोपे व खडबडीत दिसणारे असते. दुसऱ्या प्रकारात मऊ विटा घासून पाचरीचा आकार देतात व चुन्याचे अतिशय बारीक सांधे ठेवतात. हे काम खर्चिक असून कुशल गवंड्याकडूनच करून घ्यावे लागते.

दगड, गिलावा व फरशी : दगडी कमानीत चावीचा दगड थोडा पुढे काढला की दृष्टी तेथे स्थिरावते. मोठ्या फरश्या वळणावर कापताना कडा तुटतात. म्हणून वळणाला लहान तुकड्यांची जडण अधिक चांगली दिसते. गिलाव्याची पांढरी कमान साध्या खोलीत खुलते, मात्र माथ्यावर काजळीचा डाग पडत असल्यास तो केवळ रंगाचा दोष नसून धूर खोलीत येत असल्याची खूण असते.

फळी व खांदे : सरळ फळी व खालची कमान यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना त्रिकोणी जागा उरते. ट्यूडर काळात या ‘खांद्यांवर’ फुले, पाने व कुलचिन्हे कोरत. आज तेथे एखादी जडवलेली फरशी पुरेशी ठरते. माथ्यापासून फळीपर्यंतचे अंतर फार कमी असल्यास कमान दडपल्यासारखी दिसते.

जोडकमानी : मुख्य कमानीशेजारी तिच्याच वळणाचा लहान कोनाडा करून तेथे लाकडे रचून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. दोन्ही कमानींचे पाय एका रेषेत ठेवणे आवश्यक असते.

न पेटवली जाणारी फायरप्लेस : जुन्या घरातील धुराडे बंद असल्यास कोनाड्यात पुस्तके, रोपे किंवा दिवे ठेवतात. अठराव्या शतकात उन्हाळ्यामध्ये रिकामे तोंड झाकण्यासाठी चित्रे रंगवलेल्या फळ्या वापरत. ती कल्पना आजही उपयोगी आहे. धुराडे कायमचे बंद करताना आत हवा खेळती राहण्यासाठी झरोका ठेवावा लागतो, अन्यथा भिंतीत ओल साठते.

चौकोनी तोंडाला कमान : अस्तित्वात असलेल्या चौकोनी तोंडाच्या आतील बाजूस कमान बसवल्यास तोंड लहान होते व धूर ओढला जाण्यास बहुधा मदतच होते. याउलट, कमानीसाठी वरची भिंत फोडून तोंड उंच केल्यास दोन संकटे संभवतात : भार पेलणारे लिंटेल तुटून भिंत खचू शकते आणि तोंड मोठे झाल्याने धूर खोलीत येऊ शकतो. म्हणून असा बदल स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय करू नये, असा संकेत आहे.

धूर व मापे

धुराड्यातील हवा बाहेरील हवेपेक्षा तप्त व हलकी असल्याने वर जाते आणि तिच्या जागी खोलीतील हवा कोनाड्यात ओढली जाते. तोंड मोठे व धुराडे अरुंद असल्यास ही ओढ अपुरी पडते. ब्रिटनमधील बांधकाम-मार्गदर्शनानुसार मोठ्या उघड्या फायरप्लेससाठी धुराड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या १५ टक्के असावे. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी उभ्या बाजूंवर अर्धवर्तुळाकृती कमान असलेल्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३,२१४ चौ. सेंमी होते. त्याचे १५ टक्के म्हणजे सुमारे ४८२ चौ. सेंमी, म्हणून धुराड्याचा व्यास सुमारे २५ सेंमी लागतो. तेवढ्याच रुंदी-उंचीच्या चौकोनी तोंडाचे क्षेत्रफळ ३,६०० चौ. सेंमी असते. म्हणजे कमानीमुळे तोंड सुमारे ११ टक्क्यांनी लहान होते.

कमानीच्या बाबतीत उंची नेहमी माथ्यापासून मोजावी लागते. धूर वरच्या थरात साठतो व सर्वांत उंच वाटेने बाहेर पडू पाहतो; ती वाट म्हणजे कमानीचा माथा. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेनुसार गळ्याची झडप तोंडाच्या वरच्या कडेपासून किमान ८ इंच (सुमारे २० सेंमी) वर असावी लागते. हे अंतर कमानीच्या पायापासून मोजल्यास माथ्याशी ते अपुरे पडते व धूर खोलीत येतो.

सुरक्षितता

त्याच संहितेनुसार ६ चौ. फुटांपेक्षा लहान तोंडापुढे ओटा किमान १६ इंच (सुमारे ४१ सेंमी) व दोन्ही बाजूंना ८ इंच (सुमारे २० सेंमी) असावा. तोंडाच्या कडेपासून ६ इंचांच्या (सुमारे १५ सेंमी) आत लाकूड किंवा अन्य ज्वालाग्राही वस्तू नसावी. लाकडी फळी सरळ व कमान वक्र असल्यामुळे दोहोंतील सर्वांत कमी अंतर माथ्यापाशी येते आणि तेच तपासावे लागते.

लाकडाच्या धुरातील डांबरी थर धुराड्यात साचून पेट घेऊ शकतो. म्हणून वर्षातून किमान एकदा सफाई आवश्यक मानली जाते. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असल्याने विशेष घातक आहे. विस्तव पूर्ण विझण्यापूर्वी झडप बंद करणे हे अपघाताचे एक कारण असते. खोलीत ताजी हवा येण्याची सोय व वायूची सूचना देणारे यंत्र हे त्यावरील उपाय आहेत. ठिणग्या अडवण्यासाठी तोंडापुढे जाळी ठेवतात. वक्र तोंडासाठी काचेची दारे मात्र मापानुसार बनवून घ्यावी लागतात.

पर्यावरण

उघड्या फायरप्लेसमधील बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाते. इंधनातील उष्णतेचा साधारणतः पाचवा हिस्साही खोलीला मिळत नाही. घरोघरीच्या धुराचा परिणाम डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या दाट धुरक्यात दिसला. त्या वेळी सुमारे ४,००० मृत्यूंचा अंदाज केला गेला. नंतरच्या अभ्यासांनी तो बराच वाढवला. त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवा कायदा करून धूरनियंत्रित क्षेत्रे ठरवली. इंग्लंडमध्ये २०२१ पासून घरगुती वापराच्या पारंपरिक दगडी कोळशाच्या पिशव्यांची व लहान प्रमाणातील ओल्या लाकडाची विक्री बंद करण्यात आली. अनेक जुन्या कमानींत आता काचेचे दार असलेल्या बंद शेगड्या, गॅस किंवा विजेवरील संच बसवले जातात.

भारतातील स्थिती

भारतात अशा फायरप्लेस प्रामुख्याने ब्रिटिशकालीन थंड हवेच्या ठिकाणी आढळतात. शिमला येथील १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हाइसरॉयच्या निवासस्थानात त्या आहेत. महाराष्ट्रात, १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांच्या काळात वसवल्या गेलेल्या महाबळेश्वरात काही जुन्या बंगल्यांत त्या दिसतात. तेथील वेण्णा तलावाच्या परिसरात कडक थंडीत दवबिंदू गोठतात, हे लक्षात घेता त्यांचे प्रयोजन कळते. मैदानी प्रदेशातील मराठी वाड्यांत फायरप्लेस नसली, तरी भिंतीतील कमानदार कोनाडे व लाकडी महिरपी ही त्या वाड्यांची परिचित अंगे होती. कमानीची कला येथे होतीच. विस्तवासाठी तिचा उपयोग करण्याची वेळ हवामानाने येऊ दिली नाही.

धुराडे नसलेल्या खोलीत शोभेसाठी बांधलेल्या कोनाड्यात कोळसा किंवा लाकूड जाळणे प्राणघातक ठरू शकते. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपल्याने दरवर्षी हिवाळ्यात उत्तर भारतात मृत्यू घडतात, त्यामागील कारण हेच आहे. अशा कोनाड्यात विजेचा दिवा किंवा विजेवर चालणारा संच वापरणेच सुरक्षित होय.

हे सुद्धा पहा

* कमान
* धुराडे
* शेगडी
* कार्बन मोनॉक्साइड
* महाबळेश्वर